कानामागून आलेला नंबर

आपण आपणच आहोत हे सिद्ध करण्याची वेळ माणसावर आयुष्यात दोनदाच येते, असं आमचे एक जुने हेड कॅशियर म्हणत असत. एकदा लग्न ठरताना आणि एकदा पेन्शन सुरू होताना. केवायसीचा सुळसुळाट होण्याआधीच ते निवृत्त झाले. सुटले बिचारे.

मी मात्र गेली वीस-बावीस वर्षं नंदुरबार जिल्ह्यातल्या एका बँकेत काउंटरमागे बसून समोरच्याला एकच प्रश्न विचारतो आहे : "हे तुम्हीच कशावरून?" हा प्रश्न तत्त्वज्ञानातला आहे, हे बी.कॉम.ला असताना मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या ऋषीमुनींनीही 'कोऽहम्' असा प्रश्न विचारला होता म्हणतात. पण त्यांनी त्यासोबत पासपोर्ट आकाराचे दोन फोटो मागितल्याचं ऐकिवात नाही.

बरं, दुसऱ्याला विचारणारा मी कोण? मी जन्मलो धुळे जिल्ह्यात आणि राहतो नंदुरबार जिल्ह्यात, आणि घर मात्र तेच आहे. १ जुलै १९९८ रोजी सरकारनं जिल्हा तोडला तेव्हा मी घरात पोहे खात होतो. खुर्चीवरून न उठता मी जिल्हा बदलला. तेव्हापासून कुठलाही फॉर्म भरताना 'जन्मस्थान' आणि 'पत्ता' या दोन रकान्यांत दोन वेगळे जिल्हे लिहितो, आणि समोरचा कारकून माझ्याकडे मी घर सोडून पळालेला मुलगा असल्यासारखा बघतो.

तसा या नंबराच्या विषयावर आमच्या जिल्ह्याचा पहिला हक्क आहे. २९ सप्टेंबर २०१० ला त्या वेळचे पंतप्रधान मनमोहन सिंग आणि त्यांच्यासोबत सोनिया गांधी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी आले, आणि देशातला पहिला आधार क्रमांक तिथल्या रंजना सोनवणे यांना मिळाला. पुढे अब्जावर माणसांना जो बारा आकड्यांचा नंबर चिकटला, त्याचा उगम आमच्याकडचा. नद्यांचे उगम असतात तिथे लोक देऊळ बांधतात. आम्ही झेरॉक्सची दुकानं काढली.

पण नंबर आणि मालकी यांचं नातं काय, हा घोळ माझ्या डोक्यात शिरला तो टेंभलीमुळे नाही. तो शिरला चिरंजिवांच्या एका खेळण्यामुळे.

झालं असं, की सुरतेच्या आमच्या आतेभावाची मुलं कॉलेजात गेली आणि त्यांची जुनी खेळणी आमच्याकडे आली. (नंदुरबारला सगळ्या गोष्टी सुरतेहूनच येतात, कापड, फॅशन आणि उतरलेले कपडेसुद्धा.) त्यात हातात धरायचे दोन व्हिडिओ गेम होते, आणि ते एकमेकांना जोडायची एक वायर. खेळाचं नाव पोकेमॉन. मूळ जपानी, पहिला भाग १९९६ साली निघाला. ज्या सातोशी ताजिरी नावाच्या गृहस्थानं तो काढला, त्याला लहानपणी किडे पकडण्याचा नाद होता. आपल्याकडे अशा मुलाला दोन धपाटे घालून आंघोळीला पाठवतात. जपानात त्याची कंपनी झाली.

खेळ साधा आहे. रानावनात हिंडायचं, विचित्र प्राणी पकडायचे, पाळायचे, वाढवायचे आणि झुंजी लावायच्या. वायर जोडली की एका यंत्रातला प्राणी दुसऱ्या यंत्रात देता-घेता येतो. म्हणजे बैलबाजारच. फक्त रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवत नाहीत इतकंच.

एका रविवारी चिरंजीव मला त्यातलं एक पान दाखवायला आले. मी चष्मा लावून पाहिलं आणि हातातला चहा तसाच राहिला. तिथे चक्क प्राण्याचा खातेउतारा होता! नाव, जात, पातळी, आणि पकडणाऱ्याचं नाव व त्याचा पाच आकडी नंबर. खेळ नव्यानं सुरू केला की यंत्र खेळाडूला स्वतःच्या मर्जीनं शून्यापासून ६५,५३५ पर्यंतचा एक नंबर देतं. तुम्ही जो प्राणी पकडाल त्याच्यावर तुमचं नाव आणि हा नंबर कायमचा उमटतो. शिवाय आणखी एक नंबर असतो, तो खेळणाऱ्याला कधीच दाखवत नाहीत. पण प्राणी घरचा की परका हे ठरवताना यंत्र गुपचूप तोही ताडून बघतं. ज्यानं हे केलं त्या माणसानं कुठल्या तरी बँकेत उमेदवारी केली असली पाहिजे, अशी माझी खात्री आहे.

गंमत पुढे आहे. हा प्राणी तुम्ही दुसऱ्याला दिला, त्यानं तिसऱ्याला दिला, तरी कागदावरचं नाव बदलत नाही. पहिल्यांदा पकडणारा तो पकडणारा. पुढचे सगळे नुसते सांभाळणारे. परक्याकडून आलेला मोठा प्राणी नव्या धन्याचं ऐकतही नाही. हुकूम सोडला तर तोंड फिरवतो, नाही तर ढाराढूर झोपतो. धन्याच्या छातीवर पुरेसे बिल्ले लागले की मगच वचकून वागतो. त्या खेळात प्राण्यांची नावं बदलून देणारा एक म्हातारा आहे, तोही परक्याच्या प्राण्याला हात लावत नाही. 'मूळ मालकानं ठेवलेलं नाव आहे, मी बदलणार नाही' असं साफ सांगतो. आणि असा दुसऱ्याकडे गेलेला प्राणी वाढतो मात्र दीडपट वेगानं. झुंजीतला अनुभव त्याच्या खात्यावर दीडपट जमा होतो.

हे सगळं मी जेवताना मोठ्या कौतुकानं सांगत होतो. सौभाग्यवती पोळ्या लाटत होत्या. त्या म्हणाल्या, "त्यात नवल काय? परक्या घरी गेल्यावर दीडपट राबावंच लागतं."

मी गप्प झालो. पण त्यांचं संपलं नव्हतं.

"आणि तो म्हातारा शहाणा दिसतो. तुमच्या बँकेनं माझं नाव बदलायला लग्नाचा दाखला, ॲफिडेव्हिट आणि तीन खेपा मागितल्या, पण 'बदलायचं कशाला?' असं एकानं तरी विचारलं का?"

याला उत्तर नाही. खरं सांगायचं तर ती बँक माझी नव्हती, दुसरी होती. पण असल्या वेळी सगळ्या बँका माझ्याच असतात. मी मुकाट्यानं आमटी वाढून घेतली.

आता तुम्ही म्हणाल, हा पोरखेळ झाला. खऱ्या जनावरांचं काय? तेच सांगतो आहे.

खऱ्या गायीम्हशींनाही आता नंबर आहे. कानात पिवळा बिल्ला, जेमतेम आठ ग्रॅमचा, आणि त्यावर बारा आकडे. आधारला बारा, गायीलाही बारा. सरकार भेदभाव करत नाही. तो नंबर टाकला की 'भारत पशुधन' या प्रणालीत जनावराची जात, वय, लसी आणि मालकाचं नाव निघतं. २०२४ च्या जूनपासून तर आपल्या राज्यात कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्रीच करायची नाही असा नियम झाला. पूर्वी बैल ओळखायचा तो दातांवरून, शिंगांवरून, अंगावरच्या डागांवरून. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात तर अजून जाणते लोक घोड्याच्या मानेवरचा 'देवमण' भोवरा आधी बघतात आणि मालकाचं तोंड नंतर.

पण इथे पाहा, जपानी खेळाच्या अगदी उलटा न्याय आहे. खेळातला नंबर माणसाचा, तो प्राण्याला चिकटतो. आपल्याकडचा नंबर गायीचा स्वतःचा, आणि माणूस तिला चिकटतो. गाय विकली की तिचा नंबर तोच राहतो, मालकाचं नाव तेवढं बदलून घ्यायचं. म्हणजे खेळ पहिल्याला लक्षात ठेवतो आणि सरकार शेवटच्याला. मधल्यांचा हिशेब कोणाकडेच नाही. ज्यानं तिला दुष्काळात हिरवं विकत आणून घातलं तो बहुतेक मधलाच असतो.

हा नंबर आला कशासाठी, हे मात्र आम्हा बँकवाल्यांना विचारा. १९८० साली एकात्मिक ग्रामीण विकासाची योजना देशभर सुरू झाली आणि गरिबाला म्हैस घ्यायला कर्ज मिळू लागलं. त्या काळातले आमचे वडीलधारे सहकारी एका म्हशीची गोष्ट सांगत. ती म्हैस म्हणे एकाच महिन्यात पाच जणांनी पाच वेळा विकत घेतली. साहेब तपासणीला गेले की तीच म्हैस निरनिराळ्या दारांत उभी. पाचव्या दारात साहेबांना पाहून ती ओळखीचं हंबरली म्हणतात. पुढे ती विम्यासाठी तीन वेळा मेलीही. खरंखोटं ती म्हैस जाणे. पण 'बिल्ला नाही तर भरपाई नाही' हा विम्याचा नियम अशा पराक्रमांतूनच आला, आणि तो करणाऱ्याला मी दोष देत नाही. माणसाचा शब्द पुरेसा होता, तो आपणच खर्चून टाकला.

फक्त तो खर्चणारा एक असतो आणि बिल भरणारा दुसराच.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातल्या मावशींनी आमच्याकडून गायीसाठी कर्ज घेतलं होतं. तपासणीला साहेबांसोबत मीही गेलो होतो, फायली धरायला. गाय तांबडी, एक शिंग खाली वळलेलं, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. साहेब बिल्ल्याचा नंबर वाचत होते आणि मी उतरवून घेत होतो. तेवढ्यात तिनं माझ्या शर्टाची बाही चाटून ओली केली. मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. म्हणाल्या, तिला परक्याचा घाम आवडतो.

दीड वर्षानं मावशी काउंटरवर आल्या. गाय मेली होती. चरायला गेली असताना बाभळीच्या काट्यात कान अडकून फाटला होता आणि बिल्ला रानातच पडला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत गाय आजारी पडून गेली. नवा बिल्ला मारून घ्यायला हवा हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. फॉर्मवर रकाना होता : 'मृत जनावराचा टॅग क्रमांक (टॅग सोबत जोडावा)'. मी तो वाचून दाखवला. आणि सवयीनं, अगदी सवयीनं, माझ्या तोंडून गेलं, "पण मावशी, मेलेली गाय तीच कशावरून?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. मला काही तरी समजत नाहीये अशा काळजीनं बघितलं. मग म्हणाल्या, "भाऊ, ती मनी गाय व्हती. तुमीच तर पाह्यली ना? तुमनी बाही चाटी तिनी."

पाहिली होती. शिंग आठवत होतं, ठिपका आठवत होता. फोटोतल्या मेलेल्या गायीला तेच शिंग होतं. साऱ्या जगात त्या गायीला ओळखणारी दोन-चार माणसं असतील, त्यांतला एक मी. आणि नेमका मीच टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, म्हणजे न ओळखण्याच्या खुर्चीवर बसलो होतो.

मी एका कोऱ्या कागदावर लिहिलं : 'सदर गाय मी समक्ष पाहिली असून फोटोतील गाय तीच आहे.' खाली सही केली. साहेबांनी तो कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "अहो, तुम्ही गायीला ओळखता हे ठीक आहे. पण विमावाल्यांनी तुम्हाला ओळखायला पाहिजे ना?" तरी त्यांनी तो जोडला. साहेब माणूस चांगला. दोन महिन्यांनी विमा कंपनीचं दोन ओळींचं पत्र आलं. माझ्या कागदाचा त्यात उल्लेखही नव्हता. टॅगअभावी दावा अमान्य.

मावशींनी पुढचे सगळे हप्ते भरले. गाय नव्हती, दूध नव्हतं. ऊसतोडीला जाऊन भरले. दर वेळी मीच पैसे मोजून घेतले आणि मीच पावती दिली. पहिल्या खेपेला त्यांनी पावती नुसती घडी घालून बटव्यात ठेवली होती. शेवटच्या खेपेला मात्र ती उलटीसुलटी करून माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "नंबर बरोबर टाक्या ना, भाऊ?" त्यांना वाचता येत नव्हतं. मी सगळे आकडे एकेक करून मोठ्यानं वाचून दाखवले. मागे रांग होती, कोणी तरी 'आटपा' म्हणालं. मी पुन्हा पहिल्यापासून वाचले.

हे मी घरी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतं काय? नियम बरोबर, साहेब बरोबर, पत्र बरोबर, खातं बंद. हिशेब जुळला की बँकेत कोणी काही विचारत नाही. आमच्याकडे तोच मोक्ष.

आता पुन्हा चिरंजिवांकडे येतो.

सुरतेहून आलेल्या दोन यंत्रांपैकी एक शेजारच्या मास्तरांच्या मुलाच्या हातात असायचं. त्यानं खेळात स्वतःचं नाव 'किंग' ठेवलं होतं आणि एक निळा, फताड्या तोंडाचा प्राणी लहानाचा मोठा केला होता. त्याचं नाव ढब्बू. ढब्बूवर त्या पोराचा भलता जीव. मग मास्तरांची नाशिकला बदली झाली. जाताना पोरगं यंत्र परत द्यायला आलं, तेव्हा त्यानं वायर जोडून ढब्बू आमच्या चिरंजिवांच्या यंत्रात ठेवला. 'सांभाळ' म्हणाला. रिकामं झालेलं यंत्र पुढे एका भाच्याच्या हाती लागलं. त्यानं नवा खेळ सुरू केला, आणि त्या जातीच्या यंत्रात एका वेळी एकच खेळ साठतो. जुना 'किंग' पुसला गेला. तो नंबर धारण करणारा खेळाडू आता कुठल्याच यंत्रात उरला नाही. उरला फक्त ढब्बूच्या पानावर, चिरंजिवांकडे. आमच्या बँकेत अशा खात्याला 'मयत' म्हणतात, पण इथे खातेदार नाशकात सहावीत शिकत होता.

चिरंजिवांनी वर्षभर ढब्बूला जपलं. त्यांना बिल्ले भरपूर, त्यामुळे ढब्बू त्यांचं ऐकायचा. मी एकदा सहज म्हटलं, "आता तो तुझाच झाला की." तर म्हणाले, "नाही बाबा. आहे त्याचा, राहतो माझ्याकडे." लॉकरचा नियम इतक्या थोडक्यात मला अजून कोणी सांगितलेला नाही.

गेल्या मे महिन्यात मास्तरांचा मुलगा सुट्टीला आला. आल्याबरोबर दोघं यंत्रं घेऊन बसले. त्यानं नवा खेळ सुरू केला, नाव पुन्हा 'किंग'च ठेवलं, दोन दिवस खपून पहिले दोन-चार प्राणी पकडले आणि मग वायर जोडून ढब्बू परत घेतला. मी ऑफिसातून आलो तेव्हा ओसरीवर स्मशानशांतता होती.

ढब्बू त्याचं ऐकत नव्हता.

मी यंत्र हातात घेतलं. ढब्बूच्या पानावर मूळ मालक 'किंग'. पोराच्या पानावर नाव 'किंग'. पण नंबर वेगळा. नवा खेळ, नवा नंबर. यंत्राच्या लेखी हा कोणी तरी दुसराच 'किंग' होता, योगायोगानं त्याच नावाचा. मी दोघांना समोर बसवून समजावून सांगितलं, काउंटरवर सांगतो तसंच, न चिडता, मुद्देसूद. नंबर बदलला की माणूस बदलतो, यंत्राला नाव पुरत नाही, शिवाय आतला लपलेला नंबरही जुळत नाही, यात कोणाचीच चूक नाही.

पोरगं ऐकून घेत होतं. मग म्हणालं, "पण काका, तुम्ही तर मला ओळखता ना?"

मी म्हटलं, "मी ओळखतो रे."

"मग सांगा ना त्याला."

सौभाग्यवती आतून सरबत घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. मी यंत्र उलटंसुलटं करून बघितलं, जणू मागच्या बाजूला कुठे तरी कोरा कागद जोडायची सोय असेल.

चिरंजीव म्हणाले, "एकदा परत खेळून बघ." त्यानं झुंज लावली, हुकूम सोडला. ढब्बूनं ऐकलं नाही. पुन्हा सोडला, तर ढब्बू भर झुंजीत झोपी गेला. मला वाटलं आता हे पोर रडणार. पण त्यानं पडद्यावरून बोट फिरवलं, ढब्बूच्या डोक्यावरून फिरवावं तसं, आणि चिरंजिवांना अगदी खासगीत सांगावं तसं म्हणालं,

"रुसलाय रे. मी न सांगता गेलो ना, म्हणून."

मग दोघांनी सरबत प्यायलं, आणि तो उठेपर्यंत वाट बघत बसले.